करारातला संडास

तिरोड्याजवळच्या एका राईस मिलचं ऑफिस मी सात वर्षं सांभाळलं. ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर, रुसका प्रिंटर आणि मागच्या बाजूला एक संडास. त्याला कुलूप असायचं आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. तो मिलचे मालक सेठजी आणि मी, आमच्या दोघांसाठी होता.

मिलमध्ये अठरा बाया कामाला होत्या. उकडलेला धान पटांगणात पसरायचा, पायांनी फिरवायचा, भुसा भरायचा, झाडलोट करायची, हे सगळं त्यांच्याकडे. संडासासाठी त्या भुशाच्या ढिगामागून, शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडे जायच्या. दोघी-दोघींनी जायचं, एकीने बसायचं, दुसरीने रस्त्यावर नजर ठेवायची. शेतात धान उभा असला की आडोसा मिळे. कापणी झाली की सगळं उघडं पडे, आणि मग त्या दुपारी पाणीच पीत नसत. मला हे दिसत होतं. एकदोनदा मी गुपचूप किल्ली दिलीही. सेठजींच्या लक्षात आलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मॅडम, एक को दोगे तो सब आएंगे." मी किल्ली पुन्हा खणात ठेवली. नोकरी नवी होती, मीही घाबरट होते.

एक दिवस नागपूरचा एक मोठा व्यापारी वर्षभर तांदूळ घ्यायला तयार झाला. त्याची अट अशी, की करार रीतसर पाहिजे आणि त्यात कामगारांच्या सुरक्षिततेचं आणि स्वच्छतेचं एक प्रकरण पाहिजे. दोन महिन्यांनी त्याचा माणूस येऊन ते बघणार होता. सेठजी मला म्हणाले, "कहीं से निकाल लो. कॉपी-पेस्ट कर दो."

माझा मावसभाऊ तेव्हा एका पुलाच्या कामावर सुपरवायझर होता. त्याने त्यांच्या कराराची फाइल मोबाइलवर पाठवली. मी 'पूल' काढून 'मिल' घातलं, 'कंत्राटदार' काढून 'मालक' घातलं आणि संध्याकाळच्या आत छापून मोकळी झाले. सेठजींनी प्रत्येक पानावर सही केली. वाचलं काही नाही. खरं सांगायचं तर मीही नीट वाचलं नव्हतं.

वाचलं ते दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत. मी पायरीवर डबा घेऊन बसले होते, मांडीवर कराराची आमची प्रत. बाया सावलीला बसल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी, सेठजींच्या वडिलांच्या काळापासून मिलमध्ये असलेली काकी, तिने विचारलं, "काय वाचून राहिली वं बाई?"

"तुमच्याबद्दलच लिहिलंय, काकी."

"आमच्याबद्दल? वाच तं मंग."

मी मोठ्याने वाचायला लागले. 'मालकाने महिला कामगारांकरिता स्वतंत्र, बंदिस्त व पुरेशा प्रकाशाचे शौचालय कामाच्या जागेपासून वाजवी अंतरावर उपलब्ध करून द्यावे. त्यास आतून कडी असावी. पाण्याची अखंड सोय असावी.' पुढे हातमोजे, नाकावर बांधायची पट्टी, पिण्याचं गार पाणी, औषधाची पेटी. बायांचे हात भाकरीवर थांबले. मी वाचतच गेले आणि मग माझी जीभ अडखळली. 'पाण्यावर काम करणाऱ्या प्रत्येक कामगारास लाइफ जॅकेट देण्यात यावे.'

"ते काय असते?" एकीने विचारलं.

"पाण्यात पडलं तर बुडू नये म्हणून अंगात घालायचं."

"माय वं! धानात बुडतो का आपण?" ती म्हणाली, आणि सगळ्या इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मी कपाळाला हात लावला. पुलाचं ते कलम काढायचं राहून गेलं होतं.

काकी मात्र हसत नव्हती. "याच्यावर सेठजीची सही हाय का?"

"हाय."

"मंग संडास कुठी हाय?"

मी कराराचं पान मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पटांगणात धान तसाच ओला पडून होता आणि अठरा बाया ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. सेठजी आत चहा पीत होते. काकी पुढे झाली.

"सेठजी, तुमी आमाले संडास देऊन राहिले म्हणते. कधी देता?"

सेठजींनी माझ्याकडे पाहिलं. आज आपली शेवटची हजेरी, असं मनात आलं. तरी मी कपाटातून करार काढून ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्यांदाच वाचत होते.

"अरे, ये तो लिखने की बात है," ते म्हणाले. "सबके कॉन्ट्रॅक्ट में रहता है. और ये करार त्या व्यापाऱ्यासोबत आहे, तुमच्यासोबत नाही."

"सही तं तुमचीच हाय न?"

"हाय."

"द्यायचं नोयतं तं लिहिलं कायले?"

सेठजी खाली वाचत गेले आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. बोट ठेवून म्हणाले, "हे बघ, इथं लाइफ जॅकेट पण लिहिलं आहे. मग ते पण देऊ का सगळ्यांना?"

"पाण्यावर काम द्याल तवा ते देजा," काकी म्हणाली. "संडास रोजच लागते. तुमाले नाही लागत का?"

मग सेठजींच्याच तोंडातून चहाचा फवारा उडाला. ते हसले, मग बाया हसल्या, मग मीही, जरा उशिरा. "जाओ, काम पे लगो," ते हात हलवत म्हणाले. "बनवतो." काकी हलली नाही. "गवंडी कधी येते?" सेठजींनी तिच्यासमोर गवंड्याला फोन लावला, तेव्हा कुठे ती पटांगणाकडे वळली.

जागेवरून पुन्हा वाद झाला. सेठजींना संडास मागे बॉयलरजवळ हवा होता. बाया म्हणाल्या, तिथं तर हमाल बसलेले असतात. शेवटी हँडपंपाजवळची जागा ठरली. गवंड्याने दोन संडास आणि एक न्हाणी बांधली, वर टाकी बसवली, दिवा लावला, आणि कडी लावली ती बाहेरून! काकीने त्याला हाताला धरून ऑफिसात आणलं आणि मला म्हणाली, "बाई, याले वाचून दाखव." मी संडासाचं ते कलम बारा वाचून दाखवलं. त्याने मुकाट्याने कडी आतून लावली.

उद्घाटनाला सेठजींनीच नारळ फोडला. पहिला मान काकीचा. ती आत गेली, आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ काही नाही. बाया बाहेरून ओरडल्या, "काय झालं वं?" आतून उत्तर आलं, "काही नाही. बसली हावो आरामानं. आता घाई कायची?"

व्यापाऱ्याचा माणूस ठरल्याप्रमाणे आला. हातमोजे, पट्ट्या, औषधाची पेटी बघून तो खुणा करत गेला. संडासाच्या दाराशी काकीने त्याला अडवलं, "जोडे काढून जा, आत्ताच धुतलं हाय." तो जोडे काढून आत गेला. दोन तासांत त्याला ती एवढी एकच तसदी पडली.

पुढच्या वर्षी करार नव्याने लिहायची वेळ आली तेव्हा मी छापण्याआधी कागद घेऊन सावलीत जाऊन बसले. आधी लाइफ जॅकेट काढलं. मग बायांना विचारलं, अजून काय लिहू? पोत्यांची थप्पी डोक्याच्या वर रचू नये, असं एकीने सांगितलं. तिच्या खांद्यावर एकदा पोतं घसरलं होतं. ते लिहिलं. मग सगळ्यांत धाकटी, लग्न होऊन नुकतीच गावात आलेली, लाजत म्हणाली, "आरसा लिहा न. भुशानं भूत होऊन बसमधी बसतो आमी."

या खेपेला सेठजींनी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. थप्पीवर मान डोलावली. आरशाशी थांबले.

"मॅडम, ये कौन से कानून में है?"

"कोणत्याच नाही, सेठजी. यांनी मागितला."

त्यांनी खिडकीतून पटांगणाकडे बघितलं. बाया धान फिरवण्यात गुंतल्यासारखं दाखवत होत्या, पण सगळ्यांचे कान इकडेच होते. सेठजींनी सही केली आणि आरसा गोंदियाहून स्वतः गाडीत घालून आणला, चांगला कमरेपर्यंत दिसेल असा. त्या संध्याकाळी पाचची बस चुकली, कारण न्हाणीत लावलेल्या आरशासाठी अठरा जणींची रांग लागली होती. सेठजींनी सगळ्यांना भुशाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून गावापर्यंत पोचवलं. मीही त्यातच बसले, आणि केस विंचरून घेतलेल्या बाया ट्रॉलीतल्या उरल्यासुरल्या भुशाने पुन्हा भूत झाल्या.