पाळी कुणाची होती?

भूतबाधा, करणी, अंगात येणं, यातलं मी आयुष्यात काही मानलं नाही. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं. मी तिच्या हातात सूप दिलं आणि म्हणाले, देवी, आलीच आहेस तर एवढी ज्वारी पाखड. तेव्हापासून ती माझ्यासमोर घुमत नाही. नात या सदरातले अनुभव वाचून दाखवायची तेव्हाही मी हसायचे... आता स्वतःच लिहायला बसले आहे. चौथी शिकलेली आहे, चुकलं तर समजून घ्या. भीतीपेक्षा लाज जास्त वाटते, हे आधीच सांगते.

माजलगाव धरणाच्या काठावर माझा मुलगा दत्ता हिवाळ्यात कॅम्प लावतो. सहा टेंट, फुगवायची बोट, लाइफ जॅकेट. पुण्याकडचे लोक शनिवारी येतात, रविवारी जातात. चूल माझ्याकडे. पाहुणे आधी भाकरीचा फोटो काढतात, मग गार झाली म्हणून दुसरी मागतात. आमचं जुनं गाव याच पाण्याखाली गेलं.

गेल्या जानेवारीत एका ऑफिसातल्या चार बायका आल्या होत्या. दिवस मावळताना शेकोटी पेटवली. त्यातली मेघना म्हणाली, आजी, इथली एखादी भुताची गोष्ट सांगा ना. दत्तानं मला डोळ्यानं खुणावलं — सांग. एरवी मी झटकून टाकलं असतं, पण त्यांनी माझ्या पिठल्याचं लई कौतुक केलं होतं. मी चढले. सांगितलं की जुन्या गावात एका बाईनं विहिरीत जीव दिला. विहीर धरणात गेली, पण बाई अजून काठानं फिरते... ओले केस, उलटे पाय. त्या एकमेकींना बिलगल्या. मला मजा वाटली.

नाव मी घेतलं नाही. पण सांगताना डोळ्यांपुढे माझी थोरली जाऊ होती, कौसाबाई. धरण व्हायच्या पाच-सहा वर्षं आधी ती खरंच विहिरीत पडून गेली. करमणुकीसाठी मी तिची हडळ केली.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं. मी चुलीपाशी, दत्ता टेंटचे खिळे उपटत होता. मेघना पाण्याकडून आली आणि म्हणाली,

"आजी, तुमच्यात विमल कोण आहे?"

"हितं कुणी विमल न्हाई मॅडम," दत्ता म्हणाला. मीही म्हणाले, न्हाई.

खोटं बोलले. माहेरचं माझं नाव विमल. लग्नात बदललं, शांता झाले. आधार कार्डावरही तेच आहे. दत्ताला जुनं नाव माहीतच नाही. सासरी मला विमली म्हणणारी एकटी कौसाबाई होती, कारण आम्ही दोघी एकाच गावच्या लेकी.

दत्ता बोटीकडे गेल्यावर मेघना माझ्याजवळ बसली. अवघडली होती. पाण्याजवळ एक नऊवारी नेसलेली तरुण बाई भेटली, तिनं काहीतरी विचारायला सांगितलंय म्हणाली.

"काय विचारायला?"

"विमलीला विचार, त्या दिवशी पाळी कुणाची होती." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आजी, पाळीत असताना इथं पाण्याजवळ जायचं नसतं का? मला कुणी सांगितलंच नाही."

बिचारीला वाटलं, तिच्याकडून विटाळ झाला. तसं काही नसतं म्हणाले आणि तिच्या हातात चहा दिला.

आमच्या सासूनं पाणी भरायच्या पाळ्या लावल्या होत्या. एक दिवस कौसाबाई, एक दिवस मी. त्या दिवशी पाळी माझी होती. आदल्या दिवशी कासारणीनं हातभर बांगड्या भरल्या होत्या. दोर ओढताना फुटतील म्हणून मी म्हणाले, आज तू जा. ती हसली.

"बांगड्या जप महाराणी. पीठ झाकून ठिव विमले, कोंबड्या तोंड घालतील. आलेच मी."

जीव द्यायला निघालेली बाई पिठाची काळजी करत नाही. विहिरीच्या काठाला शेवाळ होतं, पाय घसरला असणार. पण नवऱ्याशी तिचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. गावानं ठरवलं, उडी मारली. मी तोंड उघडलं असतं तर सासूनं पहिलं हेच विचारलं असतं, पाळी कुणाची होती? म्हणून मी गप्प बसले. तिची लेक रुक्मिण तेव्हा तीन वर्षांची. पुढं उडी मारणारीची पोर म्हणून तिला कुणी करून घेईना. नांदूरघाटच्या बिजवराला दिली. त्या लग्नातही मी गप्पच होते.

मेघनाची गाडी गेल्यावर मी काठावर गेले. दोघं भोई पहाटेपासून तिथं जाळी आवरत होते. ती पोरगी एकटीच उभी होती म्हणाले, मान हलवत होती, त्यांना वाटलं फोनवर बोलतेय. दत्ता म्हणतो, मेंढरांमागची कुणी बाई असेल. असेलही. पण मेंढरांमागच्या बाईला विमली कुठून माहीत? आणि पाळीचं तर मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी एसटीनं केजला गेले, तिथून जीपनं नांदूरघाटला. रुक्मिण अंगणात तूर निवडत होती. तिला सगळं सांगितलं, बांगड्यांसकट. काठावरच्या बाईचंही सांगितलं. तिनं वर पाहिलं नाही. तुरीतला खडा बाजूला टाकून म्हणाली,

"काकू, माझ्या सासूनं मरंस्तोवर मला एकटीला विहिरीवर जाऊ दिलं न्हाई. आईच्या वळणावर जाईल म्हनायची."

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले. तिनं पाय मागं घेतले.

"माझी आजी, तुमची सासू, जाऊन तीस वर्सं झाली. तिच्या माघारी तरी कावून न्हाई सांगितलं?"

काठावर ती बाई कोण होती, हे मला आजही सांगता येत नाही. रुक्मिणनं ते विचारलंच नाही. तिनं जे विचारलं त्याचं उत्तर मला येत होतं. तेही मी दिलं नाही.