हेस्टरची कमान

माझी नणंद हेस्टर गार्थवेट हिच्या बोटांवरची शाई कधी निघालीच नाही. माझ्या लग्नाच्या जेवणाला ती तशीच बोटं घेऊन बसली, तेव्हा माझ्या आईने मला कोपराने ढोसून विचारलं, "ही मुलगी आंघोळ तरी करते का गं?"

सासऱ्यांची कचेरी घराच्या खालच्या मजल्यावर होती. दारावर पितळी पाटी होती, 'गार्थवेट आणि पुत्र, वास्तुविशारद'. आजेसासऱ्यांपासून यॉर्कशायरच्या आमच्या भागातली निम्मी चर्चं याच घराने बांधली. पुत्र म्हणजे माझा नवरा एडमंड. गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात पटाईत, पण कागदावर रेघ ओढायची म्हटली की त्याला घाम फुटायचा. नकाशे काढायची हेस्टर, सही करायचा एडमंड. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल ब्र काढत नव्हतं. मला संताप यायचा. हेस्टर हसायची. "डॉर्कस, पाटीवर 'कन्या' लिहिलं तर पाद्री दारातूनच परत जातील. मग खायचं काय, शाई?"

या घराचा एक रिवाज होता. कमान बांधताना तिच्याखाली लाकडी साचा असतो. चुना वाळला की साच्याच्या पाचरी ठोकून काढतात आणि कमान पहिल्यांदा स्वतःच्या बळावर उभी राहते. त्या वेळी नकाशा ज्याने काढला त्याने टोपी उतरवून कमानीखाली उभं राहायचं. तो नको म्हणाला तर पाचरीला हात लावायचा नाही. गार्थवेट स्वतः खाली उभे राहतात, म्हणून लोक आम्हाला काम देत. अर्थात उभा राहायचा एडमंड. बहिणीच्या रेघेवर त्याचा इतका विश्वास, की खाली उभा राहून तो मला डोळा मारायचा. माझा जीव मात्र दरवेळी टांगणीला लागायचा.

त्या वर्षी नव्या चर्चची मोठी कमान पुरी होते न होते तोच कडाक्याचं हिव पडलं. बिशप रविवारी येणार होते, म्हणून सासऱ्यांनी शुक्रवारी साचा काढायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी हेस्टर न्याहारीला आली ती बशीत चुन्याचं ढेकूळ घेऊन. कमानीच्या सांध्यातून तिने ते खिळ्याने उकरून आणलं होतं. दगडासारखं टणक. तिने बशी चुलीशेजारी ठेवली. आमचा चहा संपेपर्यंत ढेकळाची लापशी झाली.

"बाबा, चुना वाळला नाहीये, गोठलाय," ती म्हणाली. "हवा फिरली की सगळं असंच होईल. वसंतापर्यंत थांबा."

"आणि बिशपना काय सांगू? मुलगी बशी घेऊन आली म्हणून?" सासऱ्यांनी लोणी मागितलं. "एडमंड, उद्या दाढी नीट कर."

एडमंड बशीकडे बघत राहिला. रात्री मी त्याला हात जोडून सांगितलं, आजारी पड, पळून जा, काहीही कर. तो म्हणाला, "बाबा इतकी वर्षं बांधतायत गं. त्यांना कळत नसेल का?"

शुक्रवारी उजाडलं तेच दक्षिणेच्या उबदार वाऱ्यात. छपरं गळू लागली होती. चर्चच्या वाटेवरचा चिखल बुटाला चिकटत होता आणि लोक एकमेकांना म्हणत होते, काय छान हवा पडलीय! मला ओरडावंसं वाटत होतं.

मुकादम अ‍ॅमॉसने हातोडा उचलला. एडमंड टोपी काढून कमानीखाली जाऊन उभा राहिला. तेवढ्यात हेस्टर गर्दीतून पुढे झाली.

"अ‍ॅमॉस, थांब. हा नकाशा माझा आहे. गेल्या बारा वर्षांतले सगळेच माझे आहेत. आणि मी नाही म्हणतेय."

पाद्रीबुवांनी सासऱ्यांकडे पाहिलं. कुणीतरी खिदळलं. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज थंड होता. "माझ्या मुलीची तब्येत बरी नाही. एडमंड, नकाशा कुणाचा?"

एका शब्दाचं काम होतं. 'तिचा' एवढंच म्हणायचं होतं. मी त्याच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होते. मनातल्या मनात तो शब्द मीच म्हणत होते. एडमंडने आधी तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

"माझा," तो म्हणाला.

"चल रे, अ‍ॅमॉस," सासरे म्हणाले.

अ‍ॅमॉस घुटमळला, मग त्याने ठोकायला सुरुवात केली. शेवटची पाचर निघाली. साचा खाली आला. कमान तोलून राहिली, आणि एडमंडने मला डोळा मारला. मग सांध्यांतून चुना ओघळू लागला, अगदी सावकाश. हेस्टर ओरडत त्याच्याकडे धावली. मुकादमाने तिला कमरेला धरून मागे ओढलं, म्हणून ती वाचली. एडमंडला दगडांखालून काढायला संध्याकाळ झाली.

पुढच्या आठवड्यात खानावळीच्या मोठ्या खोलीत चौकशी बसली. मी काळ्या कपड्यांत पहिल्याच बाकावर होते, हेस्टर माझ्या शेजारी. चौकशी अधिकाऱ्याने विचारलं, "गार्थवेटसाहेब, पडलेल्या कमानीचा नकाशा कुणी काढला होता?"

सासरे उठले. क्षणभरही अडखळले नाहीत.

"माझ्या मुलीने."