फ्लेक्सचाचा आणि हिरव्यांची श्रद्धांजली

फ्लेक्सचाचांनी माणसाकडे पाहिलं की तो माणूस अजून जिवंत आहे, हे त्यांच्या गावीही नसे. कपाळ, टोपी, मिशा सगळं डोळ्यांनी मापून ते म्हणत, "तुमचा फोटो झ्याक बसंल." कुठे बसेल, हे विचारायची कोणाची हिंमत होत नसे. बारामतीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वाढदिवस, निवडी आणि श्रद्धांजल्या या तीन गोष्टींवर ते चालत आलं, आणि चाचांचा जीव फक्त तिसऱ्या गोष्टीत होता.

अन्वय, मीरा, तुम्ही मागच्या फोनमध्ये विचारलंत की आजीला तुमच्याकडचा हातांनी खेळायचा फुटबॉल इतका कसा कळतो. म्हणून हे लिहिते आहे. क्रमाने लिहिते, म्हणजे तुमचा गोंधळ होणार नाही.

चाचांचं नाव मुनीर. मूळचे निमगाव केतकीचे. तरुणपणी भिंतींवर आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या फळ्यांवर नावं रंगवत. पुढे छपाईचं मशीन आलं आणि ब्रश कपाटात गेला. माझी त्यांची ओळख तुमचे आजोबा गेले त्या दिवशी झाली. त्यांनी श्रद्धांजलीचा मजकूर जुळवून कागद वर आणला. मी त्यातल्या दोन वेलांट्या दुरुस्त केल्या, एक स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिला. चाचा दारातच थांबले. म्हणाले, "बाई, रडायच्या आधी शुद्धलेखन बघितलंत तुमी. लई दगडाचं काळीज. आजपासून माझी सगळी प्रुफं तुमीच बघायची." घरात माणसं बसलेली होती आणि हे बोलणं सगळ्यांनी ऐकलं. मला राग यायला हवा होता. पण त्या दिवशी माझ्याशी खरं बोललेला तो एकटाच माणूस होता. दुसऱ्या आठवड्यापासून मी प्रुफं बघू लागले आणि कॉलेजातून निवृत्त झाल्यावर हरवलेलं माझं टाइमटेबल मला परत मिळालं.

गिऱ्हाइकाशी ते कधी गोड बोलत नसत. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो घालायचे होते. चाचांनी ते मोजले आणि विचारलं, "वाढदिवस हाय का ऊस तोडायला टोळी निघालीया?" एकाने वडिलांचा रेशनकार्डावरचा फोटो आणला, तर म्हणाले, "जित्यापणी एक धड फोटो काढला न्हाय बापाचा. आता ह्यो बघून वरचेबी ओळखायचे न्हाईत." तो मुलगा रडला. चाचांनी त्या फोटोवर तीन तास बसून एकेक डाग काढला आणि त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण "चुकलं माझं" असं ते म्हणाले नाहीत. ते वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे एकदाच ऐकलं.

आता खेळाकडे येते. कन्हेरीचे एक आबा होते. चांगली बागायत, स्वतःची स्कूटर, मोजकं बोलणं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील तुमच्याच देशात नोकरीला आहे. तो तिकडे हिरव्या कपड्यांच्या एका संघाचा भक्त झाला. आबांशी फोनवर बोलायला त्याच्याकडे विषय उरला नव्हता, म्हणून तो सामन्याबद्दल बोलू लागला. आणि विषय टिकावा म्हणून आबा खेळ शिकू लागले. इंग्रजी समालोचन कळेना, तेव्हा कोणीतरी त्यांना कॉलेजातली इंग्रजीची बाई म्हणून माझ्याकडे पाठवलं. माझ्या घरचा टीव्ही लहान आणि चाचांच्या दुकानातला पडदा भिंतीएवढा. म्हणून सोमवारी सकाळी सात वाजता, म्हणजे तुमच्या रविवारच्या रात्री, आम्ही तिघं दुकानात बसू लागलो. रात्रीत होऊन गेलेला सामना असेल तर निकाल न बघता तोच लावायचो.

नियम मी वाचून समजावले, पण नावं आबांनी ठेवली. तो चेंडू नव्हे, नारळ. धडका देणारे गडी म्हणजे टोळी, आणि मागे उभा राहून नारळ फेकणारा तो मुकादम. दहा यार्ड सरकायला चार संधी मिळतात, त्यांना आबा पाण्याच्या पाळ्या म्हणत. "तीन पाळ्या फुकट घालवल्या मुकादमानं, आता चौथीला काय शेत भिजतंय?" असं ते हळहळत. फोनवर आमचा चौघांचा ग्रुपही होता, तीन म्हातारे आणि सुनील. त्याचं नाव 'नारळ'.

चाचांचा कोणताच संघ नव्हता. त्यांना खेळात गोडी लागली ती डिसेंबरात, साखळी सामने संपत आले आणि एकेक संघ बाद होऊ लागला तेव्हा. मी त्यांना समजावलं की बरेचसे संघ इथेच संपतात आणि मोजकेच पुढच्या बाद फेरीत जातात. तिथे तर हरलेला लगेच घरी. चाचांचे डोळे चमकले. "म्हंजे रोज मयत?" त्याच आठवड्यात दुकानाच्या आतल्या भिंतीवर पाटीएवढा पहिला फ्लेक्स लागला आणि त्याचा फोटो 'नारळ'वर गेला. काळी चौकट, कोपऱ्यात समई, मधे निळ्या कपड्यातला मुकादम. 'चौदा सामन्यांच्या दीर्घ आजारानंतर निळ्यांचे दुःखद निधन. शोकाकुल : समस्त मित्रपरिवार.' प्रूफ मी तपासलं होतं. मी हसलेही होते. जिंकणाऱ्यांचा का काढत नाही, असं विचारल्यावर म्हणाले, "जितणाऱ्याला काय मजकूर लागतो बाई? गुलाल टाका, झालं. मजकूर लागतो मेलेल्याला."

दरवर्षी हिरवे बाद झाले की सुनीलचे फोन थांबत. मग गुढीपाडव्याला एक, बैलपोळ्याला क्वचित एक, आणि सप्टेंबरात सामने सुरू झाले की पुन्हा दर सोमवारी. हे आम्हाला दिसत होतं. बोलून दाखवलं ते चाचांनी. "आबा, तुमचा ल्योक तुमाला फोन करत न्हाय. हिरव्यास्नी करतो. हिरवं गेलं की तुमीबी गेला." आबा पडद्याकडेच बघत म्हणाले, "ठावं हाय मला. म्हणून तर मुकादमाला शिव्या देतो."

एका वर्षी शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरव्यांचा जीव टांगणीला होता. जिंकले तर पुढे, हरले तर घरी. आबा सकाळी साडेसहालाच आले. त्यांच्या खिशात घडी केलेला एक कागद होता. छातीत कळ येत होती म्हणून डॉक्टरांनी गुरुवारी अँजिओग्राफी ठरवली होती. सुनीलला सांगायचं होतं. मी म्हटलं, "आत्ताच लावा फोन." आबा म्हणाले, "न्हाय बाई. सामना झाल्याव त्योच लावंल. आधी खेळाचं बोलतो, मग हळूच सांगतो. जिंकलं तर आणखी पंधरा दिस बोलाय मिळंल."

शेवटच्या चौथ्या पाळीला मुकादमाने नारळ फेकला तो दुसऱ्याच टोळीच्या हातात. सव्वादहाला फोन आला. आबांनी तो स्पीकरवर ठेवला.

"हरलो आबा. संपलं सगळं."

"व्हय रं. मुकादमानं घाई केली. त्ये ऱ्हाऊ दे, मी काय म्हंतो सुनील..."

"झोपतो आता, उद्या ऑफिस आहे. बघू सप्टेंबरात."

फोन बंद झाला. आबांनी कागद बाहेर काढला होता, तो पुन्हा घडी करून खिशात ठेवला. चाचा म्हणाले, "सप्टेंबर. गुरवारी निघालात, तर त्येला सप्टेंबरात कळवू का?" मी चाचांवर ओरडले.

दुपारी चार वाजता 'नारळ' ग्रुपवर फोटो आला. हिरव्या चौकटीचा फ्लेक्स, समई, 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मधोमध, मुकादमाच्या जागी, फेटा बांधलेले आबा. मी जिना उतरून खाली गेले. चाचा म्हणाले, शोकाकुलांमध्ये आबांचा फोटो टाकायचा होता, मशीनवरच्या पोराने तो चुकून मधे टाकला. आबा तिथेच खुर्चीवर बसून स्वतःकडे बघत होते. मी ग्रुपवर खुलासा लिहायला फोन काढला, तर आबांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या बाई."

साडेपाचला, सुनीलची सकाळ झाली तेव्हा, आबांचा फोन वाजला. आबांनी तो मांडीवर ठेवला आणि उचलला नाही. वाजून थांबला, पुन्हा वाजला. मग माझा वाजू लागला. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि मुलांनो, मीही उचलला नाही. मग चाचांचा वाजला. पाळीपाळीने तिन्ही फोन वाजत होते आणि आम्ही तिघं बसून होतो. शेवटी चाचांनाच सहन होईना.

"आबा, उचला. पोरगं मरंल तिकडं."

"बसू दे जरा माझ्या जागंव," आबा म्हणाले. "मी वर्षातलं आठ महिनं बसतो."

सातव्या वेळी त्यांनी फोन उचलला आणि नुसतं "बोल" म्हणाले. पलीकडून जो आवाज आला तो स्पीकर नसतानाही मला ऐकू आला. चाळिशीचा माणूस लहान मुलासारखा ओरडून रडत होता. मग तो चिडला, आम्हा तिघांना नाही नाही ते बोलला. त्याचं बोलून झाल्यावर आबांनी खिशातला कागद काढून तो अक्षर लावत वाचून दाखवला.

गुरुवारी अँजिओग्राफी झाली आणि गोळ्यांवर भागलं. त्यानंतर अकरा दिवस सुनीलचा रोज फोन होता. मग एक दिवसाआड, मग आठवड्याने. उन्हाळ्यात पूर्वीसारखंच झालं. चाचा म्हणाले, "आबा, दुसरा काढू का? ह्या टायमाला हार घालून?" आबा पोट धरून हसले. "नको. एकडाव मेलो, बास झालं."

पुढच्या वर्षी साखळीचा शेवटचा आठवडा आला. हिरवे पुन्हा काठावर होते. सोमवारी सात वाजून गेले तरी स्कूटर आली नाही. साडेसातला कन्हेरीहून पुतण्याचा फोन आला. आबा सामन्याला निघायचे म्हणून पायताण घालत होते, ते पायरीवरच बसले आणि गेले.

पुतण्याने सांगितलं की सुनील फोन उचलत नाही, सामना बघत असेल. चाचांनी मजकूर स्वतः जुळवला. या वेळी प्रूफ घेऊन ते वर आले. "नीट बघा बाई." एकही चूक नव्हती. फोटो मात्र तोच फेट्यातला होता, कारण आबांचा दुसरा चांगला फोटो कोणाकडेच नव्हता. मग चाचांनी सवयीने तो ग्रुपवर टाकला आणि मीही त्यांना थांबवलं नाही. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सुनीलचं उत्तर मिनिटभरात आलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे, आणि खाली, 'या वेळी कोण हरलं चाचा? सामना तर अजून चालू आहे.'

चाचांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सुनीलने लिहिलं, 'वाजू दे. मी पण शिकलो आता.'

चाचा खुर्चीत बसले. फोन त्यांच्या हातातून मी घेतला आणि माझ्या फोनवरून एक ओळ लिहिली. 'सुनील, हे खरं आहे.' त्यानंतर मात्र फोन आला, माझ्याच फोनवर. त्याने एवढंच विचारलं, "बाई, तुम्ही प्रूफ बघितलंत का?" मी म्हटलं, "हो." पलीकडे सामन्याचा गोंगाट चालू होता. तो बंद करायचं त्याला सुचत नव्हतं. विमान पकडून तो येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अंत्यसंस्कार दुपारीच झाले आणि तो तिसऱ्या दिवशी पोहोचला.

तो परत गेल्यावर एका सकाळी चाचा माझ्याकडे आले आणि उभ्यानेच बोलले. "बाई, त्या पहिल्या टायमाचं प्रूफ दाखवलं असतं, तर काय केलं असतंत?"

"खोडलं असतं."

"म्हणून दाखवलं न्हाय." मग म्हणाले, "मशीनवरचं पोरगं त्या दिवशी सुट्टीव होतं. चुकलं माझं."

मी त्यांना काही सांत्वनाचं बोलले नाही. त्यांनी माझ्याशी जो व्यवहार ठेवला होता, तोच मी त्यांच्याशी ठेवला. शिवाय फोन तर मीही उचलला नव्हता.

तेव्हापासून दुकानात श्रद्धांजल्या छापत नाहीत. कोणी आलं तर चाचा इंदापूर रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतात. भिंतीवरचे निळे, लाल, पिवळे सगळे उतरले. तिथे खिळे आहेत. गिऱ्हाइकांना मात्र पूर्वीइतकंच लागेल असं बोलतात.

सोमवारी आम्ही दोघं अजून बसतो. तिसरी खुर्ची आहे, तिच्यावर शाईच्या बाटल्या असतात. यंदाही साखळी संपत आली आहे आणि हिरवे नेहमीसारखे काठावर आहेत. सामना संपला की सुनीलचा फोन येतो, चाचांना. तिकडे या खेळावर मराठीत बोलायला त्याला कोणी नाही, आणि मुकादम म्हटलं की कळणारी माणसं जगात आता तिघंच उरली आहेत. चाचांच्या हाताला शाई असली, समोर गिऱ्हाईक असलं, तरी दुसऱ्यांदा वाजायच्या आत ते फोन उचलतात. हॅलो म्हणत नाहीत.

"जिता हाय मी," म्हणतात. "बोल, कोण हरलं?"