दादाची राहिलेली खेळी

इथले गूढ अनुभव मी वाचते ते गोष्टी म्हणून. असल्या प्रकारांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं ठामपणे म्हणवत नाही. तरी लिहिते आहे…

आमचं घर डिचोलीत. मी पेडण्याला ग्रंथपाल. दादा खाणीवर होता. खाण बंद पडली तसा घरीच असे. तेव्हा त्याने चीन-जपान युद्धाचा एक कंप्यूटर गेम आणला. एकाच मशीनवर आळीपाळीने खेळायचा — तो चीन, मी जपान. एकमेकांचं सैन्य चोरून बघता येऊ नये म्हणून दोघांचे पासवर्ड वेगळे.

बचाव करावा तर दादाने. शहर सोडायचं, माणसं राखायची, मला आत खेचत दमवायचं. माघारीतही त्याचा क्रम ठरलेला: सगळ्यात मोडलेल्या तुकड्या आधी बाहेर, दणकट शेवटी. आई भाजी चिरता चिरता विचारायची, "आज कोणाची माणसां मेली गो?"

शेवटच्या डावात मात्र तो शूचौ शहरात अडकला. मी तिन्ही बाजूंनी वेढलं होतं. नकाशावरच्या चौकोनी घरांपैकी नैर्ऋत्येचं एकच मोकळं.

"दादा, तुज्या सैन्याक आता पाव-उंडेसुद्धा मिळूचे नाय!"

"उंडे रवंदेत गो. वाट असा मगो एक! उद्या बघ."

त्या दुपारी जेवून तो आडवा झाला… उठलाच नाही.

सुतक फिटल्यावर मी गेम उघडला. 'चीनची पाळी' — आणि पासवर्डची चौकट. आठवतील ते शब्द घातले. उघडेना. दादा गेला आणि त्याची माणसं तशीच वेढ्यात, हे मला सहन होईना. त्याची बाजू कंप्यूटरच्या हवाली करता येते, पण कंप्यूटर बचावात कच्चा — शहराला चिकटून बसतो आणि मरतो.

आई म्हणाली, "सातेरीक विचारूया."

सातेरी म्हणजे आमची ग्रामदेवी. कौल घ्यायला देवळातल्या भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि अगदी गंभीरपणे गाऱ्हाणं घातलं — हिच्या गेलेल्या भावाचा एक डाव राहिलाय, तो दुसऱ्याच्या हाती द्यावा काय? डावी पाकळी पडली. म्हणजे नको. ओली पाकळी कधीतरी पडणारच, असं मी मनात म्हटलं. तरी आईसाठी मशीनचा प्लग काढला, वर चादर घातली.

मासिक श्राद्धानंतर मशीन चुलतभावाला द्यायचं ठरलं. देण्याआधी एकदा बघावं म्हणून चालू केलं.

'जपानची पाळी.'

माझा पासवर्ड घातला. शूचौ रिकामं होतं. सगळ्या तुकड्या त्या एका घरातून नैर्ऋत्येला निघालेल्या — मोडलेल्या सर्वांत पुढे, दणकट मागे. घरात आम्ही दोघीच, आणि आईला माऊससुद्धा धरता येत नाही.

ती दारात आली. "काय झालां गो?"

"दादाची माणसां सुटली."

"सगळी?"

"सगळी."

ती खुर्चीवर टेकली. "बरां झालां. म्हणालेलो ना तो, वाट असा."

त्या दिवशी आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

जाणकारांना विचारलं. पासवर्डशिवाय खेळी होत नाही, एवढंच ते सांगतात. याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. मशीन घरातच ठेवलं. मी रिकामं शहर घेतलं, पाठलाग केला नाही, आणि माझी पाळी संपवली.

आता पुन्हा चीनची पाळी आहे. प्लग काढून ठेवलाय. घाई कोणालाच नाही.