दुकान चालू असल्याचा पंचनामा

सन दोन हजार पंचवीस. मला बहात्तरावं लागलं होतं अन् वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर माझं कमानपाट्याचं दुकान चालू होतं. चालू होतं हे मुद्दाम लिहितो, कारण त्या साली माझ्याशिवाय कोणाला ते खरं वाटत नव्हतं.

ट्रकच्या चाकाच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या म्हणजे कमानपाटे. माल जास्त झाला, खड्डा बसला की त्यातला एखादा तुटतो नाहीतर सरळ होतो. तो भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर धरायचा अन् ठोकून त्याला परत गोलाई द्यायची. हे एकट्याचं काम नाही. मी सांडशीनं पाटा धरतो अन् लहान हातोडीनं टक् करून जागा दाखवतो. मुलगा बराबर त्याच जागी घण घालतो. घण मी पन्नास वर्षं घातला, पण सात वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा उतरला. तेव्हापासून मुलगा आहे तोवर दुकान आहे, एवढं साधं गणित.

अन् मुलगा जाण्याच्या गोष्टी करून राह्यला होता. जालन्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात त्याचा मित्र मुकादम आहे. मुलगा म्हणाला, "अप्पा, उसाचा हंगाम लागेपर्यंत बघतो. गाड्या आल्या तर ठीक. न्हाई आल्या तर मी जातो."

मी म्हणलो, "येत्यात. पन्नास वर्षं आल्यात, आता कुठं जातील?"

कुठं जातात ते भादव्यात कळलं. बीडकडं नेहमी जाणारा एक जुना ड्रायव्हर आहे, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याचा फोन आला. मी "बोला" म्हणताच तो चपापून म्हणाला, "वस्ताद, तुम्हीच का?"

"मंग कोण? माझं भूत?"

"तसंच वाटलं जरा. काल पाटा तुटला. अंधारात दुकान चुकू नये म्हणून फोनला रस्ता विचारला, तर फोन म्हणाला दुकान कायमचं बंद झालं. मी मनात म्हणलं, म्हातारा गेला बिचारा. पुढं जाऊन दुसऱ्याकडं काम केलं. आज राहवलं न्हाई, घरच्यांना दोन शब्द बोलावं म्हणून फोन लावला."

सूनबाई बीए झालेली आहे. तिनं फोनवर नकाशा काढून दाखवला. माझ्या दुकानाच्या जागी लाल अक्षरात लिहिलं होतं: कायमचे बंद. खाली माझ्याच कुलूप लावलेल्या शटरचे दोन फोटो. कोणीतरी लिहिलं होतं, "दोन वेळा आलो, दुकान बंद. येऊ नका."

फोटोंच्या तारखा बघितल्या अन् सूनबाईनं कपाळाला हात लावला. "मामा, दोन्ही दिवशी आमुशा होती."

आता आमुशेला मी भट्टी पेटवत नाही. आमच्या भागात आमुशेला कोणी बैल जुंपत नाही. माझ्या वस्तादानं ऐरण जुंपली नाही अन् मी पण नाही. ड्रायव्हर लोकांना हे ठाऊक होतं, जुने तर पंचांग बघूनच पाटा तुटू द्यायचे असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो. दोन वर्षांपूर्वी सूनबाईनं दुकान फोनवर टाकलं तेव्हा तिनं विचारलं होतं, सुट्टी कोणत्या वारी? मी म्हणलो, वार न्हाई, आमुशा. ती म्हणाली, फोनमध्ये आमुशेला जागा न्हाई, सोमवार लिहू का? मी म्हणलो, बिलकुल न्हाई. सोमवारी मी काम करतो, खोटं कशाला लिहायचं? मंग तिनं रोज चालू असं लिहून टाकलं. त्या खोट्यावर मी काही बोललो नाही. एवढी माझी चूक, ती मी मान्य करतो.

मुलगा तेव्हाच म्हणाला होता, गिऱ्हाइकाला जाताना दोन ओळी लिहायला सांगत जा, पुढचे दुकानवाले प्रत्येकाला सांगतात. मला ते पटलं नाही. पाटा नीट बसला का ते गाडी सांगते. गिऱ्हाइकापुढं हात जोडून चांगलं म्हणा, चांगलं म्हणा, हे मला जमणारं नव्हतं. त्यामुळं माझ्या दुकानाखाली पन्नास वर्षांच्या कामाची एक ओळ नव्हती, अन् दोन आमुशांच्या दोन ओळी होत्या.

"आता फोनवर बोलणारा एक आहे," सूनबाई म्हणाली. "लोक त्यालाच विचारतात. आपण विचारून बघू." तिनं विचारलं, वडीगोद्रीजवळ कमानपाट्याचं काम कुठं होतं? फोन मराठीत बोलला, आवाज एकदम अदबीचा. म्हणाला, तिथलं एक जुनं दुकान आता कायमचं बंद झाल्याचं दिसतं, मात्र जवळच दुसरा चांगला पर्याय आहे. अन् पुढच्या दुकानाचं नाव, वेळ, सगळं सांगितलं.

मी फोन हातात घेतला. "अहो, मी त्या दुकानाचा मालक बोलतोय. दुकान चालू आहे. मी आत बसलोय."

तो म्हणाला, "माफ करा, आपलं बरोबर आहे. ही माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार."

मला बरं वाटलं. माणूस समजूतदार दिसला. मी सूनबाईला म्हणलो, झालं बघ काम, जल्दी झालं. दुसऱ्या दिवशी मुलाच्या फोनवरून तोच प्रश्न विचारला. तोच आवाज, तीच अदब: कायमचं बंद.

"काल तर हो म्हणला होता!"

"मामा, तो तुमच्याशी बोलला तेवढं तुमच्यापुरतं. दुसऱ्यानं विचारलं की जिथं जे लिहिलंय ते वाचून सांगतो. तो येऊन बघत न्हाई. लिहिलेलं बदलायला पाहिजे."

तोंडावर हो म्हणणारे लोक मी पुष्कळ बघितले, पण त्यांना गाठून जाब तरी विचारता येतो.

लिहिलेलं बदलायला फोननं व्हिडिओ मागितला. मालक कुलूप उघडताना दिसला पाहिजे, रस्ता दिसला पाहिजे, दुकानाची पाटी दिसली पाहिजे. माझ्या दुकानाला पाटी नव्हती. घणाचा आवाज अर्ध्या कोसावर जातो, पाटी कशाला? तरी पेंटरला बोलावलं. बहात्तराव्या वर्षी दुकानाचं बारसं केलं. नवीन कुर्ता घालून मी कुलूप उघडलं, सूनबाईनं व्हिडिओ काढला. मुलगा म्हणाला, "अप्पा, हसू नका, चोरासारखे दिसताय." पाच दिवसांनी उत्तर आलं, पडताळणी करता आली नाही. का, ते लिहिलं नव्हतं. परत पाठवला. परत तेच.

सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, निदान आमुशेला शटर अर्धं उघडून बसलात तरी..."

"भट्टी पेटणार न्हाई अन् शटर उघडं? गिऱ्हाईक येऊन परत जाईल. ते बरं का?"



मंग मला जे कळतं ते मी केलं. सूनबाईला कागद घ्यायला लावला अन् सांगितलं तसं लिहून घेतलं: "आम्ही खाली सही करणारे पंच लिहून देतो की, आज रोजी सदर दुकानी जातीने हजर राहून पाहिले असता भट्टी पेटलेली होती, ऐरण गरम होती, व मालक काम करीत होते." हॉटेलवाल्यानं सही केली, सलूनवाल्यानं केली, रिटायर गुरुजींनी चष्मा लावून दोन चुका सुधारून केली, रसवंतीवाल्या बाईनं अंगठा दिला. पाचवा पंक्चरवाला. तो सही करता करता म्हणाला, "वस्ताद, मेल्याचा दाखला मागितला असता तर ग्रामपंचायतीनं एका दिवसात दिला असता. जिवंत राहून तुम्ही लोकांना कामाला लावलं."

पंचनामा, लाइट बिल अन् दुकानाची चावी घेऊन मी जालन्याला गेलो. एवढ्या बियाण्याच्या कंपन्यांची हापिसं स्टेशनकडं आहेत, तर ह्या नकाशावाल्यांचं पण असंल असं मी धरून चाललो होतो. ऑटोवाल्यानं दोन ठिकाणी नेलं, एका बँकेच्या वॉचमननं तिसरीकडं धाडलं. शेवटी एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसलेल्या बाईनं कागद हातात घेतला. पूर्ण वाचला. हसली नाही, याबद्दल मी तिचे उपकार मानतो.

"काका, त्यांचं हापीस जालन्यात न्हाई."

"मंग संभाजीनगरला?"

"न्हाई."

"मुंबईला जाईन मी. मला रेल्वे कळते."

"जाल हो. पण तिथं तुम्हाला कोणी भेटणार न्हाई."

"वरचा साहेब कोण असतो? कोणीतरी सही करत असंल ना?"

"साहेब न्हाई काका. मशीनच बघतं, मशीनच ठरवतं."

मी विचारलं, "मशीनला अंगठा वाचता येतो का?"

तिनं पंचनाम्याचा फोटो काढून वर पाठवून दिला. दुकानाची चावी दाखवायला आणली होती, ती खिशातच राहिली. येताना एसटीत खिडकीतून मी रस्त्यावरच्या पाट्या वाचत आलो. कोणती दुकानं चालू आहेत अन् कोणती नुसती उघडी दिसतात, ते बाहेरून काही कळत नव्हतं.

दसरा झाला, ऊस सुरू झाला. दरसाल या दिवसात माझ्या दारात तीन-तीन गाड्या जॅकवर असायच्या. या साली गाड्या तेवढ्याच होत्या, पण दारावरून पुढं जात होत्या. मुलगा दारात उभा राहून बघायचा. एका गाडीची मागची बाजू डावीकडं कलली होती, पाटा गेलेला लांबून दिसत होता. मी हात केला. ड्रायव्हरनं कानाला फोन लावलेला होता, त्यानं पण हात केला अन् गेला. पुढच्या दुकानाकडं.

त्या दिवशी मुलगा म्हणाला, "अप्पा, सोमवारी जालन्याला हजर व्हायचंय."

मी म्हणलो, "कागदाचं उत्तर यायचंय अजून."

"आलंय. तुमच्या सूनबाईच्या फोनवर सकाळीच आलं. सदर कागद पुरावा म्हणून चालत न्हाई."

"पाच माणसांच्या सह्या आहेत त्याच्यावर."

"आहेत ना. मी कुठं न्हाई म्हणतो?"

तो रागावला असता तर मी भांडलो असतो. त्यानं घण पुसला, तेलाचं बोट फिरवलं अन् भिंतीला उभा करून ठेवला. रविवारी संध्याकाळी तो बॅग घेऊन फाट्यावर गेला. जाताना पाया पडला. थांब म्हणायला माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून मी म्हणलो, "खांदा सांभाळ."

सोमवारी सकाळी मी नेहमीच्या वेळेला शटर उघडलं अन् भट्टी पेटवली. खुरप्या-विळ्याचं काम आम्ही कमानवाले घेत नाही, ते हलकं समजतो. सूनबाई चहा घेऊन आली, तिच्या हातात शेतात न्यायचं बोथट खुरपं होतं. मी मागून घेतलं, तापवलं, एकट्यानं लहान हातोडीनं धार काढली, पाणी दिलं. मंग तिला म्हणलो, रसवंतीवाल्या बाईला विचार, तिच्याकडं काही आहे का.