फुकटचा प्रोग्राम आन् चाचाची वही

आमच्या पाटोद्यात त्या टायमाला सॉफ्टवेअरला पैसे पडतेत हेच कुणाला माहीत नव्हतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बोर्ड लागलेले, केबलवर रोज नवं चॅनल यायचं, आन् बसस्टँडच्या मागं आमच्या सरांनी दोन मशीन टाकून कॉम्प्युटर क्लास काढला होता. त्या मशीनमधलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या सीडीवरून उतरवून आणलेलं. म्हणून सर जवा कौतिकानं सांगायचे, "हे सॉफ्टवेअर फुकट हाय बरं का, खरोखरचं फुकट," तवा आमी एकमेकांच्या तोंडाकडं बघायचो. बाकीचं काय इकत आणलंय का?

मी बारावी झालतो, सरांकडंच शिकलो आन् तिथंच टायपिंगला बसलो. लग्नपत्रिका, अर्ज, शाळेच्या प्रश्नपत्रिका. टायपिंग बरं होतं, पण गावात नाव होतं ते नकलांचं. पाटोदा-बीड गाडीचा कंडक्टर, केबलवाला, आठवडी बाजारातला टमाटेवाला. आन् सर तर माझे पेटंट. सर बाहेर गेले की मी त्यांच्या खुर्चीत बसून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून पोरांना म्हणायचो, "फुकट घ्या, फुकट! आज सडका टमाटा, उद्या सॉफ्टवेअर!"

कारण सरांना एक नाद होता. बीडला गेले की रद्दीच्या दुकानातून कॉम्प्युटरच्या मासिकांसोबत येणाऱ्या सीड्या उचलून आणायचे. मासिक न्हाई, नुसत्या सीड्या. त्यांच्यात शंभर-दीडशे बारके बारके प्रोग्राम असायचे. एक प्रोग्राम मोठी फाईल कापून चार फ्लॉप्यांवर बसवायचा आन् दुसऱ्या गावात नेली की परत जोडायचा. एक नुसतं साधं लिहायला, लई हलका, जुन्या मशीनवरबी पळायचा. एक तर फक्त हार्डडिस्कमधी कशानं किती जागा खाल्ली ते दाखवायचा. सरांचा आख्खा ड्रॉवर भरला होता. मला वाटायचं, माणूस आंब्याच्या कोया गोळा करतोय.

आता चाचाचं सांगतो. चाचा म्हणजे आमच्या तालुक्यातला मोटर भरणारा. विहिरीवरची मोटर जळली की आतली तार काढून नवी गुंडाळायची, त्याला आमच्याकडं मोटर भरणं म्हणतेत. कुठल्या मोटरला किती गेजची, म्हणजे किती जाडीची तार, एका खाचंत तारंचे किती टर्न, हे चुकलं की मोटर आठ दिवसांत परत जळती. चाचानं तीस वर्षांत उघडलेल्या हरेक मोटरचा हिशोब एका वहीत ठेवला होता. वही उर्दूत, आन् तीबी चाचाच्या स्वतःच्या उर्दूत. मशिदीतल्या मौलवींनी एकदा बघितली आन् म्हणाले, "ये उर्दू नहीं, ये तो मुंगियाँ चल रहीं." वर वार्निशाचे डाग.

चाचाला काचबिंदू झाला. बीडच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर काय परत येणार न्हाई, हाय ती किती दिवस टिकंल ते बघू. चाचाला मुलगा नव्हता. पोरगी होती, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, मी तिला आपा म्हणायचो. लहानपणापासून ती दुकानात बसून मोटर भरायला शिकली होती, हात चाचासारखाच चालायचा. पण आकडे चाचाच्या वहीत, आन् आपा शिकलेली मराठी शाळंत.

म्हणून चाचा भिंग घेऊन आमच्या क्लासमधी यायला लागला. रोज दुपारी तासभर. तो वाचायचा, मी मराठीत टाईप करायचो. आन् माझी सवय अशी, की कानावर पडलं ते मी तसंच लिहायचो. "तीन एचपी, मोनोब्लॉक. अठरा गेज. इसमें घाई नको करनेका. घाई केली तं ये मोटर शिव्या देती." तेबी मी लिहिलं.

सर म्हणाले, "अरे, शिव्या कशाला लिवतो?"

चाचा म्हणाला, "रहने दो सर. सच्ची देती."

पावसाळा सरता सरता वही संपली. शेवटची पानं चाचानं भिंग डोळ्याला चिकटवून वाचली. त्याच्यानंतर महिन्याभरात भिंगाचाबी उपयोग राहिला न्हाई. मी फाईलला नाव दिलं होतं चाचा, इंग्रजी अक्षरांत, आन् पटकन उघडायला तिचं चित्र समोर स्क्रीनवर ठेवलं होतं.

मंग सर एक दिवस म्हणाले, "हार्डडिस्क भरली. कुणी भरली ते मी इचारत न्हाई, गाण्यांनी भरली एवढं दिसतंय. जागा कर."

मी गाणी ठेवली. चाचाची फाईल फ्लॉपीवर टाकली, खात्री केली, फ्लॉपीवर नाव दिसतंय, बरोबर. मंग मशीनमधली फाईल पुसली, कचऱ्याची टोपलीबी रिकामी केली. लई शिस्तीत.

दोन दिवसांनी आपा प्रिंट काढायला आली. मी फ्लॉपी घातली, नावावर दोनदा टिचकी मारली. मशीन म्हणालं, फाईल सापडत न्हाई. परत मारली. परत तेच.

सर मागून आले. वाकून बघितलं. "त्या चित्राच्या कोपऱ्यात काय हाय?"

"बाण."

"बारका बाण म्हणजे?"

मी हे दुसऱ्यांना शिकवायचो. सरांच्या आवाजात, हात नाचवून: 'शॉर्टकट म्हणजे घर न्हाई, घराकडं जायची पाटी.' मी स्क्रीनवरची पाटी उचलून फ्लॉपीवर ठेवली होती, आन् मागं जाऊन घर पाडलं होतं.

आपानं इचारलं, "काय झालं रे?"

मी सवयीनं कंडक्टरचा आवाज काढला. "गाडी फेल हाय ताई, पुढच्या गाडीनं या..."

"तुझ्या आवाजात सांग," ती म्हणाली.

तो आवाज मला लवकर सापडंना. तरी सांगितलं. ती स्टुलावर बसली. वही होती, पण वाचणारे डोळे राहिले नव्हते. बाप दुकानाच्या दारात बसून गिऱ्हाइकाला सांगत होता, "पोरी के पास सब लिखेला है." आन् आता लिखेलं काहीच नव्हतं.

मी माऊसला हात लावला तसे सर एवढ्या जोरात वरडले की बाहेरचा चहावाला आत डोकावला. "हात काढ! कायबी सेव्ह करू नको! गाणं लावू नको! परवापासून काय काय टाकलंस हिच्यात?"

"काय न्हाई. एक पत्रिका."

"एकच?"

"दोन."

सर खाली बसले आन् आपाला समजावून सांगायला लागले. मला न्हाई, तिला. "हे बघ, एसटीत आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो का न्हाई? फाईल पुसली म्हणजे फक्त रुमाल उचललाय. माणूस अजून तिथंच बसलंय. पण मशीनला आता ती सीट रिकामी वाटती. नवीन कायबी आलं की तिथं येऊन बसंल, मंग जुनं गेलं. म्हणून आता गाडीत कुणालाच चढू द्यायचं न्हाई."

मंग त्यांनी तो ड्रॉवर उघडला, माझ्या सडक्या टमाट्यांचा. तिसऱ्या सीडीत एक प्रोग्राम निघाला, पुसलेल्या फायली हुडकायचा. मी म्हणालो, टाकू का मशीनमधी? सरांनी डोक्यात टपली मारली. "आत्ताच काय सांगितलं बे? तोबी सीटवर बसंल की! सीडीवरूनच चालव."

चालवला. नावांची रांग खाली पळायला लागली. पुसलेल्या फाईलच्या नावाचं पयलं अक्षर मशीन खाऊन टाकतं, तिथं नुसतं प्रश्नचिन्ह येतं. मी मागं कवा कवा पुसलेली जुनी गाणी मुंडकी उडवल्यासारखी दिसत होती. आपा एकेक नाव बघत होती, तिला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं वाचता यायचं. तेवढ्यात लाईट गेली.

पाटोद्याची लाईट गेली म्हणजे गेली. आमी तिघं तसेच बसलो. सरांनी चहा सांगितला, कुणी प्यायला न्हाई. आपा म्हणाली, "सर, हे फुकट मिळतं म्हणता. मंग चांगलं कावून असंल?" ते म्हणाले, "बघू की."

पाचला लाईट आली. परत सगळं पयल्यापासून. आन् अर्ध्या तासानं आपानंच बोट ठेवलं. "हे काय? हाचा?"

प्रश्नचिन्ह, पुढं हाचा. प्रोग्रामनं इचारलं, पयलं अक्षर कोणतं? सर माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढं तरी येतंय का?" मी सी दाबलं. फाईल नव्या फ्लॉपीवर उतरवली. उघडली. अठरा गेज. घाई केली तं ये मोटर शिव्या देती.

आपा हसली आन् लगेच तिला रडूबी आलं. मी कुणाचीच नक्कल केली न्हाई.

सगळं मात्र आलं न्हाई. शेवटच्या दोन पानांत नुसते चौकोन आन् चिन्हं. माझ्या दोन पत्रिका तिथं जाऊन बसल्या होत्या, सबमर्सिबल मोटरच्या जागेवर. सरांनी फाईलच्या तीन कॉप्या केल्या. एक आपाला, एक त्यांच्या घरी, एक ड्रॉवरमधी, आन् मला सगळ्यांसमोर हरेक फ्लॉपी उघडून दाखवायला लावली. तवापासून आजवर मी कॉपी केली की उघडून बघतो. नाव दिसतंय म्हणजे फाईल हाय असं मी आता मानतच न्हाई.

प्रोग्राम बंद करताना एक खिडकी आली. सरांनी वाचून अर्थ सांगितला. हा प्रोग्राम मी मोकळ्या वेळात केला. फुकट हाय, मित्रांनाबी द्या. उपयोग झाला तर तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड मला पाठवा. खाली जर्मनीतला एक पत्ता.

दुसऱ्या दिवशी मी चाचाकडं गेलो आन् झालेलं सगळं सांगितलं. चाचानं ऐकून घेतलं. म्हणाला, "नकलची, मेरेकू तेरा असली आवाज आज पहली बार सुनने आया." मंग पोस्टकार्डाचं सांगितलं, तर तो सरळ होऊन बसला. "एक कार्ड? बस? तो अभी नको. पहले मोटर चलने दे. बिना टेस्टिंग के शुक्रिया नहीं."

राहिलेली दोन पानं आपानं स्वतः भरली. लिंबागणेश गावाकडून आलेली एक जळकी सबमर्सिबल तिनं उघडली, जुनी तार तोडली न्हाई, एकेक टर्न मोजत सोडवली आन् आकडे मला टाईप करायला सांगितले. चाचा बाजूला बसून बोटांनी तार चाचपायचा. मंग ती मोटर तिनं एकटीनं भरली. बापानं हात लावला न्हाई. टेस्टिंगला लावली, चाचानं कान जवळ नेला, बराच वेळ ऐकत राहिला. "गाली नहीं दे रही," तो म्हणाला. आन् मला म्हणाला, "चल, कार्ड ला."

तर आता कार्डाचा घोळ. जर्मनीवाल्याला पायजे होतं गावाचं चित्र असलेलं कार्ड. पाटोद्याचं चित्र कोण छापंल? दुकानात ताजमहाल होता आन् दोन नट्या होत्या. चाचा म्हणाला, "कार्ड बोल्या ना वो? कार्ड दो." मंग पोस्टातलं साधं पिवळं कार्ड आणलं. आपानं एका बाजूला पेननं चित्र काढलं. बाजाराची कमान, बसस्टँड, आन् दोन्हीपेक्षा मोठी मोटर. दुसऱ्या बाजूला चाचा सांगायचा, मी इंग्रजी करायचो, सर माझं इंग्रजी दुरुस्त करायचे.

आमी चौघंबी पोस्टात गेलो. पोस्टमास्तर म्हणाले, परदेशात जायला जास्तीची तिकिटं लागतील. मी चिकटवली. एक वाकडं बसलं, म्हणून उचकटायला गेलो, आन् कार्डाचा कोपरा टर्रकन फाटला.

पोस्टातली सगळी माणसं माझ्या हाताकडं बघायला लागली. आमच्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते घरातबी आणत न्हाईत, उंबऱ्याबाहेर वाचून तिथंच फाडून टाकतेत.

सर म्हणाले, "जाऊ द्या की. त्या जर्मनीवाल्याला काय कळतंय?"

"उसकू नहीं मालूम," चाचा म्हणाला, "हमकू तो मालूम है ना."

पोस्टमास्तरांनी स्वतः नवीन कार्ड काढून दिलं. आपानं तिथंच काऊंटरवर परत सगळं काढलं, कमान, बसस्टँड, मोटर. शेजारी उभ्या असलेल्या एक मावशी म्हणाल्या, "चांगली खबर हाय ना? मंग कोपऱ्याला हळद लावा." पिशवीतली हळदीची पुडी सोडून त्यांनीच चारी कोपऱ्यांना बोट लावलं. तिकिटं पोस्टमास्तरांनी चिकटवली, मला हात लावू दिला न्हाई.

मजकूर मी परत लिहिला. तुमच्या प्रोग्रामनं आमची वही परत आली, माझी मुलगी तिच्यावर काम करती, पयली मोटर चालू झाली, तुमचे लई उपकार. एवढं झाल्यावर जागा उरली दोन बोटं. सर म्हणाले, आता सही करा. चाचा म्हणाला, "एक बात रह गई. लिख. तुमारे घर की मोटर जली, तो पाटोदा भेज देना. भरके देंगे. फुकट."

आपा म्हणाली, "अब्बा, जर्मनीची मोटर?"

"तो क्या हुआ? तार तो तारच रहती."

ते मी जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं. सरांनी त्यात एक अक्षर बदललं न्हाई. आपानं कार्ड पेटीत टाकलं.