पालीचे भाऊबंद

नगरमध्ये समोरच्याला "तुम्ही कुणापैकी?" असं न विचारणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि त्यानेच सारं आयुष्य नातीगोती उकरण्यात घालवलं, फक्त ती जनावरांची. हे आमचे शेजारी. कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत आणि मी मराठी, त्यामुळे त्यांच्या लेखी मी एक निरुपद्रवी प्राणी होतो. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की प्रत्येक जनावराच्या पेशीत प्रथिनं घडवणारे बारीक कारखाने असतात, त्यांना रायबोसोम म्हणतात. त्यांत आरएनए नावाची चार अक्षरांची लांबच लांब माळ असते. आणि ती पिढ्यानपिढ्या इतकी सावकाश बदलते, की दोन जनावरांच्या माळा शेजारी ठेवल्या तर कोण कुणाचं किती जवळचं ते कळतं. झालं! त्या दिवसापासून त्यांना अंगणातली कोंबडी निव्वळ कोंबडी म्हणून दिसेना. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरीच्या मामांना, कोंबडी ही पालीची चुलतबहीण आणि बेडूक आपल्या सगळ्यांचाच लांबचा काका, असं भर जेवणात सांगितलं. मामा शेवगावकडचे मोठे जमीनदार. हातातला घास खाली ठेवून ते म्हणाले, "तुमच्यात आसंल. आमच्यात न्हाई बसत त्ये."

पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या साहेबांनी त्यांना कळवलं होतं, की पालीच्या आरएनएचा शुद्ध नमुना घेऊन या. चांगला निघाला तर दोन वर्षं इथेच राहून काम करा. आमच्या शेजाऱ्यांना आयुष्यात दुसरं काहीही नको होतं. सहा महिने ते पाली पकडत होते. स्वतःच्या भिंती रिकाम्या झाल्यावर ते शिडी घेऊन आमच्याकडे आले, आणि माझ्या बायकोच्या मनातून प्राध्यापक जमातीबद्दलची अढी तेवढ्यापुरती गेली. पण ही माळ भलतीच नाजूक. माणसाच्या बोटांवर म्हणे असं काही द्रव्य असतं, की नुसता हात लागला तरी तिचे तुकडे पडतात, आणि ते द्रव्य उकळूनही मरत नाही. म्हणून काचेच्या नळ्या केडगावच्या एका बेकरीच्या भट्टीत भाजायला जात आणि नानकटाईचा वास घेऊन परत येत. हे गृहस्थ घरात रबरी हातमोजे घालून वावरत. कपाटाला कुणी हात लावायचा नाही, बर्फाच्या पेटीला कुणी शिवायचं नाही. ज्यांनी जन्मभर आईच्या सोवळ्याची टिंगल केली, त्यांचं सोवळं आता आईहून कडक झालं. म्हातारी माझ्या बायकोला म्हणाली, "उशिरा का होईना, वळणावर आला हो!"

कॉलेजचे शिपाई भागामामा त्यांच्याकडे रोज येत. गावी त्यांच्या माणसांना विहिरीवर चढू देत नसत. त्या दुष्काळातसुद्धा वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. शेजाऱ्यांच्या घरी मात्र ते स्वयंपाकघरात जाऊन माठातलं पाणी स्वतः घेत, आणि म्हातारीने नाक मुरडलं की मुलगा मुद्दाम म्हणे, "मामा, मलाही एक पेला आणा." पुण्याला जायला आठ दिवस उरले असताना मामा बर्फ घेऊन आले आणि मदत म्हणून पेटीतली नमुन्याची नळी उचलायला वाकले. शेजारी जिवाच्या आकांताने ओरडले, "हात लावू नका!"

मामांनी हात मागे घेतला. दुसऱ्या दिवसापासून ते घरून स्वतःचा पेला आणू लागले आणि ओसरीच्या पायरीवर बसून चहा पिऊ लागले. आमच्या विद्वानांच्या ते लक्षातही आलं नाही; पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी माझ्या बायकोने सांगितलं, तेव्हा ते गडबडले. त्यांनी मामांना बसवून घामातल्या त्या द्रव्यावर आकृत्या काढून तासभर व्याख्यान दिलं. मी तिथेच होतो. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "समजलं सर. कारन समदेच सांगत्यात. बिनकारनाचं आमाला आजवर कोनीच अडवलं न्हाई."

 शेजाऱ्यांनी हातमोजे काढले, पेटीतली ती एकुलती एक नळी उचलली, बूच उघडलं आणि स्वतःचं उघडं बोट आत बुडवलं.

"सर! आवो, सा म्हयन्याचं काम!"

"नासलं," ते म्हणाले. "माझ्याच हाताने नासलं. बघा, कुणाचाही हात चालत नाही."

मामांनी त्यांच्या हातातली नळी काढून घेतली आणि घट्ट धरली. मग ते आत गेले आणि दोन पेले पाणी घेऊन आले.

पुणं राहिलंच. नवा नमुना करायला पाली उरल्या नव्हत्या आणि साहेबांनी दुसरा माणूस घेतला. पुढे त्या माळा दुसऱ्यांनी कुठे कुठे वाचल्या, आणि आमचे शेजारी निवृत्त होईपर्यंत तेच वर्गात शिकवत राहिले. या माणसावर मी आयुष्यभर हसलो, आणि त्याच्याइतका मोठा माणूस मला दुसरा भेटला नाही. एकदा मी विचारलंच, नळी नासवल्याचं वाईट वाटतं का?

"नळीचं नाही," ते म्हणाले. "आठवडाभर तो माणूस माझ्या पायरीवर बसून चहा पीत होता, आणि मी आत बसून पालीचं गणगोत शोधत होतो."